खो कुठे अडला? जुन्या ॲटम टॅबवर लिनक्स बूट होत नाही तेव्हा

भाचीने माळ्यावरचा टॅब आणून दिला तेव्हा त्यात विंडोज १० होतं, ३२ जीबीपैकी जेमतेम ४०० एमबी जागा उरली होती आणि एक अपडेट कधीचं अर्ध्यात लटकलेलं होतं. दहा इंची पडदा, खाली चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड, इंटेलचा ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम. "मामा, यात लिनक्स टाकून दे ना, मला नोट्सच तर लिहायच्यात." मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. तीन रात्री गेल्या, आणि त्यातल्या दोन निव्वळ माझ्या उतावळेपणात. बूट झालं नाही की मी दुसरा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा तयार संच, उतरवायचो, पेनड्राइव्ह नव्याने बनवायचो आणि परत तिथेच येऊन आपटायचो. तिसऱ्या रात्री वही घेतली आणि बंद पडण्याआधी पडद्यावर शेवटचं काय दिसतं तेवढंच लिहून ठेवायला लागलो. मग मात्र दोन-तीन तासांत सुटलं.

हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं मी फोनवरून कुणाला सांगावीत तशी उच्चाराने दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत करायची. कुठे मोठी अक्षरं लागत असतील तर तसं सांगेन.

हे यंत्र वेगळं का?

इंटेलने २०१३ मध्ये बे ट्रेल नावाची ॲटम चिपची पिढी आणली. एसुसचा ट्रान्सफॉर्मर बुक टी१००, डेलचा व्हेन्यू ८ प्रो, इंटेलची स्वतःची कॉम्प्युट स्टिक, आणि भारतात पंधरा हजारांच्या आसपास मिळणारे कितीतरी 'टॅब कम लॅपटॉप' याच घराण्यातले. चिप ६४ बिटची, पण रॅम १ किंवा २ जीबी आणि साठवण जेमतेम, म्हणून कंपन्यांनी त्यात ३२ बिटचं विंडोज ८.१ भरलं. विंडोजचा नियम असा की यूईएफआय फर्मवेअर (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी उठणारं, चिपमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर) जितक्या बिटांचं, तितक्याच बिटांचं विंडोज त्यावर चालतं. त्यामुळे फर्मवेअरही ३२ बिटचंच ठेवलं गेलं. वर यूईएफआयच्या आधीच्या, जुन्या बायोससारखं चालण्याची सोय, ज्याला लेगसी किंवा सीएसएम म्हणतात, ती यातल्या बहुतेकांत नाहीच.

म्हणजे इंजिन ६४ बिटचं, पण किल्ली फिरवणारा माणूस ३२ बिटचा. नेहमीचा ६४ बिट लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला की हा माणूस त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि का बघत नाही ते सांगत नाही. (२००६-०७ मधल्या काही ॲपल मॅकमध्येही हीच विजोड जोडी होती.)

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे असे टॅब आता बऱ्याच घरांत माळ्यावरून खाली येतायत.

बूट होणं म्हणजे खो-खो समजा. फर्मवेअर उठतं आणि बूटलोडरला खो देतं. बूटलोडर, म्हणजे सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्रॅम, आपल्याकडे ग्रब, तो कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, खो देतो. कर्नल उठून डिस्क शोधतो आणि त्यावरच्या सिस्टिमला खो देतो. एका वेळी एकच गडी पळत असतो. खो मिळाला नाही तर पुढचा बसूनच राहतो, आणि आपण मात्र शेवटच्या गड्याला दोष देत डिस्ट्रो बदलत बसतो. म्हणून पुढचं सगळं एकाच प्रश्नाभोवती आहे: शेवटचा कोण उठला होता?

विंडोज चालू आहे तोवरच करायची कामं

हा भाग वगळायचा मोह होईल. वगळू नका, मी वगळला होता.

आधी रोगाची खात्री करा. विंडोजच्या शोधपट्टीत 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा. 'सिस्टिम टाइप' समोर एक्स८६ आणि 'बायोस मोड' समोर यूईएफआय असेल, तर फर्मवेअर ३२ बिटचंच. वर सांगितलेल्या नियमामुळे दुसरी शक्यताच उरत नाही.

मग सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये सिस्टिम३२ उघडा आणि त्यातली ड्रायव्हर्स व ड्रायव्हरस्टोअर ही दोन फोल्डरं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. लिनक्स टाकायचं तर विंडोजचे ड्रायव्हर कशाला? या टॅबमध्ये बऱ्याचदा सिलेड नावाच्या कंपनीची टचस्क्रीन चिप असते. तिला चालू होताना एक फर्मवेअर फाइल भरवावी लागते, ती प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, आणि ती विंडोजच्या ड्रायव्हरमध्येच दडलेली असते. विंडोज पुसलं की ती फाइलही गेली. भाचीच्या टॅबचा टच आज चालतो तो तिच्या मैत्रिणीकडे तेच मॉडेल निघालं म्हणून.

तिसरं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अशा टॅबवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. फर्मवेअरमधलं सिक्युअर बूट (ओळखीची डिजिटल सही नसलेला बूटलोडर अडवणारी सोय) बंद केलं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. आतले फोटो हवे असतील तर ती की आधीच कागदावर उतरवा, किंवा सरळ फोटोच काढून घ्या.

सामानात स्वतःचा वीजपुरवठा असलेली ओटीजी हब (टॅबच्या एका भोकाला अनेक यूएसबी वस्तू जोडू देणारी), यूएसबीची तार असलेला साधा कीबोर्ड, ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मोबाइलचा कॅमेरा. टॅब शंभर टक्के चार्ज करून बसा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये एकच मायक्रो यूएसबी भोक असतं आणि त्यात हब घातली की चार्जिंग बंद. हबची गोष्ट पुढे येतेच.

पहिला खो: फर्मवेअरकडून पेनड्राइव्हकडे

फर्मवेअरच्या पडद्यावर जायला सुरू होताना एस्केप, डिलीट किंवा एफ२ दाबतात. एफ७ किंवा एफ१२ ने कधी थेट बूट मेन्यू येतो, आणि कीबोर्ड नसलेल्या टॅबवर पॉवरबरोबर आवाज कमी करायचं बटण दाबून धरतात. काहीच लागू पडत नसेल तर विंडोजमधून शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. ही वाट हमखास पोचवते. चुंबकी कीबोर्ड कधीकधी उशिरा जागा होतो, म्हणून तारेचा कीबोर्ड सोबत ठेवा म्हटलं.

आत गेल्यावर तीन गोष्टी. सिक्युअर बूट बंद करा. फास्ट बूट बंद करा. आणि तारीख बघा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या टॅबची तारीख मागे गेलेली असते. बूटला तिचा त्रास नाही, पण नंतर नेटवरून पॅकेज उतरवताना 'ही फाइल अजून वैध झालेली नाही' अशा अर्थाची चूक येते आणि माणूस चक्रावतो.

आता लक्षणं. पेनड्राइव्ह बूट मेन्यूत दिसतच नाही. किंवा दिसतो, निवडल्यावर पडदा एकदा लवतो आणि परत तोच मेन्यू येतो, नाहीतर गुपचूप विंडोज सुरू होतं. दोन्हींचा अर्थ बहुतेक वेळा एकच: ३२ बिटच्या फर्मवेअरला उचलता येईल अशी फाइल पेनड्राइव्हवर नाही. लाल चौकटीत सिग्नेचरबद्दल तक्रार आली, तर मात्र सिक्युअर बूट अजून चालूच आहे.

पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकात लावून ईएफआय नावाचं फोल्डर उघडा, त्यातलं बूट फोल्डर उघडा. तिथे 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' असते, ती ६४ बिटवाल्यांसाठी. आपल्याला तिच्याच शेजारी ३२ बिटवाल्यांसाठीची 'बूटआयए३२ डॉट ईएफआय' दिसायला हवी. नसेल तर ही इमेज, म्हणजे नेटवरून उतरवून पेनड्राइव्हवर लिहिलेली लिनक्सची फाइल, या टॅबवर चालणार नाही, कितीही वेळा लिहा. माझी पहिली रात्र एवढ्या एका फाइलीपायी गेली, आणि ती बघायला वीस सेकंद लागतात.

इथे एक चुकीचा सल्ला हमखास मिळतो: "फर्मवेअर ३२ बिटचं आहे ना, मग ३२ बिटचा लिनक्स घ्या." ऐकायला पटतं. पण जुन्या ३२ बिट इमेजींपैकी अनेकांत बूटलोडर फक्त जुन्या बायोस पद्धतीचा असायचा. तो यूईएफआयला दिसत नाही, आणि आपल्या टॅबला लेगसी बूट येत नाही. शिवाय डेबियन या डिस्ट्रोने १३व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणंच थांबवलं आहे. आपल्याला हवा तो ३२ बिटचा बूटलोडर आणि ६४ बिटचा कर्नल. या जोडगोळीला मिक्स्ड मोड म्हणतात. लिनक्स कर्नलमध्ये तो ३.१५ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. डेबियनच्या इन्स्टॉलरने तो ८व्या आवृत्तीत घेतला, फेडोराने २७व्या. नवख्या माणसाला मी डेबियन सुचवीन. त्यातही उतरवलेल्या इमेजमध्ये ती फाइल आहे ना, हे डोळ्यांनी बघूनच पुढे जायचं.

इमेज उतरवल्यावर तिची बेरीज, म्हणजे चेकसम, जुळवा. लिनक्सवर 'शा२५६सम' आणि पुढे फाइलचं नाव. विंडोजवर 'सर्टयूटिल', मग स्पेस देऊन 'डॅश हॅशफाइल', फाइलचं नाव आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'एसएचए२५६'. आलेली लांबलचक माळ डेबियनच्या साइटवरच्या माळेशी ताडून बघा. गावाकडच्या मोबाइल नेटवर अर्धवट उतरलेली इमेज ही दंतकथा नव्हे.

पेनड्राइव्ह विंडोजवरच्या रूफस या प्रोग्रॅमने बनवत असाल तर लिहिताना तो 'आयएसओ' की 'डीडी' असं विचारतो. डीडी घ्या. व्हेंटॉय (पेनड्राइव्हवर इमेजी नुसत्या कॉपी करून बूट करू देणारा प्रोग्रॅम) वापरलात तर त्याचा स्वतःचा मेन्यू ३२ बिट फर्मवेअरवर उघडतो, पण आतल्या इमेजमध्ये ती फाइल नसली तर तोही हात टेकतो. फरक इतकाच की तो कारण सांगतो: यूईएफआयसाठी बूट फाइल सापडली नाही, बहुधा ही इमेज आयए३२ ला चालत नाही. निव्वळ निदानासाठी मी हल्ली आधी व्हेंटॉयच लावतो.

दुसरा खो: ग्रबकडून कर्नलकडे

मेन्यू दिसला म्हणजे पहिला खो पोचला. आता परत फर्मवेअरच्या सेटिंग्ज उचकत बसू नका.

मेन्यूऐवजी नुसतं 'ग्रब' आणि त्यापुढे बाणाचं टोक दिसत असेल, तर ग्रब उठला पण त्याला स्वतःची मेन्यूची फाइल सापडली नाही. फायली हाताने कॉपी करून बनवलेल्या पेनड्राइव्हवर हे फार होतं. डीडी पद्धतीने नव्याने लिहा.

मेन्यू आला, 'इन्स्टॉल' निवडलं, आणि पडदा काळा. इथे घाबरण्याआधी खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. अंधुक अक्षरं दिसली तर यंत्र व्यवस्थित चाललंय, फक्त पडद्यामागचा उजेड गेलाय. या पिढीत तो उजेड वेगळ्या ड्रायव्हरकडून नियंत्रित होतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याच्या आधी उठला की उजेडाचा धनी कुणी उरत नाही. तारेच्या कीबोर्डवर कॅप्सलॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे तोवर कर्नल जिवंत आहे.

मग टॅब बंद करून पुन्हा ग्रबच्या मेन्यूवर या. हवी ती ओळ निवडलेली असताना 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी एक लांब ओळ दिसेल. तिच्यात 'क्वाएट' किंवा 'स्प्लॅश' असेल तर ते शब्द खोडा. 'क्वाएट' म्हणजे गप्प बस, आणि आपल्याला तर त्याने बोलायला हवं आहे. ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन 'नोमोडसेट' असा शब्द सलग लिहा. इंग्रजीतलं 'नो', 'मोड' आणि 'सेट', मध्ये जागा नाही. एफ१० दाबा. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रावर काम चालतं. उजेड कमी-जास्त होणार नाही, पडदा फिरणार नाही, पण इन्स्टॉल पार पडेल. हा बदल त्या एका बूटपुरता असतो, म्हणून बिनधास्त करून बघा.

अक्षरं आडवी पडली असतील, म्हणजे मान वाकडी करून वाचावं लागत असेल, तर तो बिघाड नाही. या टॅबमध्ये पुष्कळदा मुळात उभा वापरायचा पॅनल आडवा बसवलेला असतो. त्याच ओळीच्या शेवटी 'एफबीकॉन', बरोबरचं चिन्ह, 'रोटेट', कोलन, १ असं सलग लिहा. उलटं फिरलं तर १ च्या जागी ३.

तिसरा खो: कर्नलकडून डिस्ककडे

आता पडद्यावर ओळींचा पूर वाहू लागेल. वाचता येत नाही, तशी अपेक्षाही नाही. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि नंतर थांबवत थांबवत शेवटच्या वीस ओळी बघा. माझ्या सगळ्या युक्त्यांत ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली.

माझी दुसरी रात्र इथे गेली. मी डेबियनची लाइव्ह इमेज, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी, वापरत होतो. कर्नल उठायचा, ओळी वाहायच्या, आणि मग 'लाइव्ह फाइल सिस्टिम असलेलं माध्यम सापडत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी निरोप देऊन सगळं ठप्प. अहो, त्याच पेनड्राइव्हवरून तू आत्ता उठलास ना? मी पेनड्राइव्ह बदलला, इमेज बदलली. शेवटी व्हिडिओत, निरोपाच्या बऱ्याच आधी, अर्धा सेकंद दिसणारी ओळ सापडली: यूएसबी डिस्कनेक्ट. फर्मवेअरच्या काळात हबवर फक्त पेनड्राइव्ह जागा असायचा. कर्नल आला की तो कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह सगळ्यांना एकदम जागं करायचा, आणि माझ्या बिनविजेच्या हबला तेवढा भार सोसायचा नाही. पेनड्राइव्ह गळून पडायचा. स्वतःच्या वीजपुरवठ्याची हब आणली आणि पहिल्या फटक्यात काम झालं. तशी हब हाताशी नसेल तर माउस काढा, दिवे लावलेला गेमिंग कीबोर्ड तर काढाच, आणि 'लिनक्स'वाल्या ओळीच्या शेवटी 'रूटडिले', बरोबरचं चिन्ह, १५ असं लिहून पेनड्राइव्हला पंधरा सेकंद सावरायला द्या.

इन्स्टॉल झालेली सिस्टिम बूट होताना 'अलर्ट', एक लांब यूयूआयडी (पार्टिशनची ओळख सांगणारा क्रमांक), आणि 'डझ नॉट एक्झिस्ट' असं म्हणून कंसातल्या 'इनिटरॅमएफएस' शब्दावर येऊन थांबली, तर कर्नल उठलाय पण त्याला रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा सिस्टिम बसलेला भाग, दिसत नाही. तिथे 'एलएस', स्पेस, आणि 'स्लॅश डेव्ह स्लॅश एमएमसी' लिहून लगेच फुली म्हणजे स्टार द्या. या टॅबची डिस्क ईएमएमसी प्रकारची, म्हणजे बोर्डावरच बसवलेली चिप असते, तिचं नाव एसडीए नसून 'एमएमसीबीएलके०' असं असतं. कधी मागचा आकडा १ किंवा २ होतो, विशेषतः मेमरी कार्ड घातलेलं असेल तर. म्हणून कार्ड काढून एकदा बूट करून बघा. यादी रिकामीच आली तर डिस्कचा ड्रायव्हर चढलेला नाही. तेव्हा 'मॉडप्रोब', स्पेस, 'एसडीएचसीआय' अंडरस्कोर 'एसीपीआय' द्या, थोडं थांबा, परत यादी बघा. दिसली तर 'एक्झिट' लिहून पुढे जा.

आणि 'कर्नल पॅनिक', ज्याच्या शेवटी 'अननोन ब्लॉक' व कंसात दोन शून्यं असतात, तो दिसायला भयानक, पण अर्थ साधा असतो: बहुतेक वेळा कर्नलसोबतची इनिटआरडी फाइल (डिस्क शोधायला लागणारे ड्रायव्हर हिच्यात असतात) वाचली गेलेली नाही. हाताने ग्रबच्या ओळी लिहिताना 'इनिटआरडी'ची ओळ राहिली की हमखास हेच.

इन्स्टॉल करताना

फार सांगण्यासारखं नाही. पार्टिशनच्या यादीत मुख्य डिस्कशेजारी बूट०, बूट१ आणि आरपीएमबी अशा शेपटीची छोटी नावं दिसतील. ती ईएमएमसी चिपची खासगी दालनं, त्यांना हात लावायचा नाही. पूर्ण डिस्क वापरत असाल तरी इन्स्टॉलर ईएसपी नावाचं, बूटलोडर ठेवायचं फॅट३२ पार्टिशन बनवतोय ना, हे शेवटचा होकार देण्याआधी बघा. २ जीबी रॅमला एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप पुरे. ग्नोमसारखा जड डेस्कटॉप टाकून नंतर टॅबला संथ म्हणू नका.

चौथा खो, जो सगळ्यांना फसवतो

इन्स्टॉल पूर्ण. पेनड्राइव्ह काढा असं तो सांगतो. काढता. रीस्टार्ट. आणि पुढे फर्मवेअरचा पडदा, किंवा 'बूट करण्याजोगं काही सापडलं नाही'. इथे लोक टॅब परत माळ्यावर टाकतात.

खरं तर सिस्टिम आत नीट बसलेली असते. नियमाने फर्मवेअरने आपल्या स्मरणातल्या यादीत 'डेबियन' ही नोंद ठेवून ती वापरायला हवी. स्वस्त टॅबचं फर्मवेअर ही यादी कधी विसरतं, कधी वाचतच नाही. त्याला पाठ असलेल्या जागा दोनच: मायक्रोसॉफ्टच्या बूटलोडरची आणि मघाची आपली ओळखीची, ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरातली बूटआयए३२. म्हणून ग्रबची एक प्रत तिथे ठेवायची.

डेबियनचाच पेनड्राइव्ह परत लावा. मेन्यूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात रेस्क्यू मोड. भाषा, कीबोर्ड वगैरे विचारून झालं की तो रूट पार्टिशन विचारेल. ते सांगितल्यावर येणाऱ्या यादीत 'फोर्स ग्रब इन्स्टॉलेशन टू द ईएफआय रिमूव्हेबल मीडिया पाथ' असा पर्याय असतो. तो निवडा, होकार द्या, रीस्टार्ट करा. भाचीच्या टॅबला एवढंच पुरलं.

तो पर्याय दिसला नाही तर त्याच रेस्क्यू मोडमधून रूट पार्टिशनमधलं शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. 'ग्रब-ईएफआय-आयए३२' हे पॅकेज बसलेलं आहे ना ते बघा. चुकून एएमडी६४ शेपटीचं बसलं असेल तर वांध्याचं मूळ तिथेच आहे. मग 'ग्रब-इन्स्टॉल' लिहून पुढे दोन डॅशसह 'टार्गेट', बरोबरचं चिन्ह, 'आय३८६-ईएफआय'. स्पेस. दोन डॅश, 'ईएफआय-डिरेक्टरी', बरोबरचं चिन्ह, 'स्लॅश बूट स्लॅश ईएफआय'. स्पेस. दोन डॅश, 'रिमूव्हेबल'. शेवटी 'अपडेट-ग्रब'. टार्गेटमधला आय३८६ बघून दचकू नका, तो फक्त बूटलोडरचा आहे, कर्नल ६४ बिटचाच राहतो.

घाईत एकदाच आत शिरायचं असेल तर आणखी एक चोरवाट. पेनड्राइव्हच्या ग्रब मेन्यूवर 'सी' दाबा, बाणाचं टोक येईल. 'एलएस' दिलं की एचडी०, एचडी१, जीपीटी१, जीपीटी२ अशी कंसातली नावं येतील. एकेकाच्या पुढे स्लॅश लावून एलएस करत चला. ज्यात 'व्हीएमलिनझ' दिसेल ते रूट. मग चार ओळी: 'सेट रूट', बरोबरचं चिन्ह, ते कंसातलं नाव. 'लिनक्स', स्पेस, स्लॅश व्हीएमलिनझ, स्पेस, 'रूट', बरोबरचं चिन्ह, स्लॅश डेव्ह स्लॅश एमएमसीबीएलके०पी२. 'इनिटआरडी', स्पेस, स्लॅश इनिटआरडी डॉट आयएमजी. आणि 'बूट'. पी२ हा माझ्याकडचा आकडा आहे, तुमच्याकडे रूट दुसऱ्या पार्टिशनवर असेल तर तो बदला.

बूट झाला, पण मध्येच गोठतो

डेस्कटॉप येतो, दहा मिनिटं चालतो आणि माउसच्या बाणासकट सगळं दगड होतं. ना चूक, ना निरोप. बे ट्रेलचं हे जुनं दुखणं. कर्नलच्या बगझिला या तक्रारवहीत १०९०५१ क्रमांकाखाली याची कैक वर्षांची कहाणी पडून आहे. प्रोसेसर रिकामा असताना गाढ झोपेत जातो आणि उठत नाही. नव्या कर्नलवर हे पुष्कळ कमी झालंय, म्हणून आधी सिस्टिम पूर्ण अपडेट करा. तरीही गोठत असेल तर झोप उथळ ठेवायची. त्यासाठी 'लिनक्स'वाल्या ओळीच्या शेवटी सलग लिहायचा शब्द: 'इंटेल' अंडरस्कोर 'आयडल' डॉट 'मॅक्स' अंडरस्कोर 'सीस्टेट', बरोबरचं चिन्ह, १. आधी ग्रबमध्ये 'ई' दाबून एक दिवस वापरून बघा. गुण आला तरच कायमचं करा, कारण बॅटरी लवकर उतरते.

कायमचं करायला 'स्लॅश ईटीसी स्लॅश डीफॉल्ट स्लॅश ग्रब' ही फाइल उघडा. त्यात 'सीएमडीलाइन' आणि 'डीफॉल्ट' हे शब्द असलेली, मोठ्या अक्षरांतली एक ओळ सापडेल. तिच्या अवतरणचिन्हांच्या आत तो शब्द टाका, जतन करा, 'अपडेट-ग्रब' चालवा. पडदा फिरवण्याचा शब्दही इथेच जातो. 'नोमोडसेट' मात्र इथे कायमचा ठेवू नका. अपडेट झाल्यावर तो काढून एकदा बघा, बहुधा त्याची गरज उरलेली नसते, आणि तो असेपर्यंत व्हिडिओ अडखळत चालतात.

वाय-फाय रिअलटेकच्या ८७२३बीएस चिपचं असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्ये ४.१२ पासून आहे, सोबत फर्मवेअरचं पॅकेज लागतं. डेबियन १२ पासून तसली फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतात. तोवर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग केलं की नेट मिळतं.

भाचीचा टॅब आता पंचेचाळीस सेकंदांत उठतो. त्याच्या पाठीवर मी चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहून ठेवलंय: एफ७ बूट मेन्यू, एस्केप सेटिंग्ज, सिक्युअर बूट बंद, रूट पी२, फिरवणे १, वीजवालीच हब.